विंचवाच्या बिऱ्हाडांतील धुणें
(नभोवाणीवरील भाषण)



‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे जरा थट्टेच्या सुरांत वापरली जाते. अमेरिकेंत हें बिऱ्हाड चाकांवर असतें, आणि तें थाटण्यासाठीं लोक आयुष्यभराची शिल्लक आनंदानें खर्च करतात. त्याला तिकडे आर. व्ही. म्हणतात. कांहीं गाड्यांना स्वतःचें एंजिन असतें, कांहीं मोटारीच्या मागें जोडून ओढावयाच्या असतात, आणि कांहींचा पुढचा भाग उघड्या मालमोटारीच्या हौद्यांत बसविलेल्या कडीवर टेकलेला असतो. आंत ओटा, शेगडी, शीतपेटी, निजण्याची खोली, न्हाणी आणि शौचकूप हें सर्व असतें. नसतें तें बहुधा एकच : धुणें धुण्याची सोय. ती कशी करावी, यंत्र घ्यावें कीं न घ्यावें, आणि घ्यावयाचें तर कोणतें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

इतक्या दूरच्या गाड्यांची उठाठेव येथील श्रोत्यांनीं कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, १९६५ च्या कायद्यानें अमेरिकेचीं दारें आशियांतील लोकांना मोकळीं झाल्यावर आपल्याकडचे जे इंजिनियर आणि डॉक्टर तिकडे गेले, ते आतां नोकऱ्यांतून मोकळे झाले आहेत. त्यांच्यापैकीं कांहींनीं मोठें घर विकून असें फिरतें घर घेतलें आहे, कांहीं घेण्याच्या विचारांत आहेत. आणि येथून उन्हाळ्यांत जाणारे भाऊबहिणी, व्याही-विहिणी त्यांच्या गाडींतून आठ-पंधरा दिवस हिंडून येतात. पहिला आठवडा निसर्गशोभा पाहण्यांत जातो. आठव्या दिवशीं मळक्या कपड्यांची पिशवी पलंगाखालीं मावेनाशी होते, आणि मग निसर्गशोभेपेक्षां त्या पिशवीचाच विचार अधिक होऊं लागतो.

जॉन स्टाइनबेक हा प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार १९६० सालीं आपला कुत्रा बरोबर घेऊन अशाच एका गाडींतून देशभर हिंडला. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हल्स वुइथ चार्ली’ या प्रवासवर्णनांत त्यानें आपली धुण्याची युक्ति सांगून ठेविली आहे. झांकणाची एक प्लास्टिकची बादली त्यानें गाडींतील कपाटाच्या दांडीला लवचिक रबरी दोरीनें टांगली. तींत कपडे, पाणी आणि साबण घालावयाचा आणि गाडी हांकावयाची. रस्त्याचे हिसके बसत बसत कपडे आपोआप खळबळून निघत. ही युक्ति आजही चालते, आणि एकट्या पुरुषाला ती पुरेशी आहे. परंतु दोन माणसांच्या चादरी, टॉवेल आणि थंडीचे जाड कपडे बादलींत मावत नाहींत. आणि मावले तरी ते पिळावयाचे कोणी, हा प्रश्न त्या पुस्तकांत येत नाहीं!

आतां यंत्रांकडे वळूं. पण माझें म्हणणें असें आहे कीं, दुकानांत जाऊन यंत्रें पाहणें हें या कामांतील शेवटचें पाऊल होय. आधीं आपल्या गाडींतील टांक्या, विजेची तार आणि गाडी वाहूं शकेल तें वजन, या तिहींची चौकशी झाली पाहिजे. घरांत आपण नळ सोडतों, पाणी येतें. मोरींत टाकतों, तें जातें. तें कोठून आलें आणि कोठें गेलें याचा हिशेब गृहिणीला ठेवावा लागत नाहीं. फिरत्या घरांत मात्र प्रत्येक तांब्याचा हिशेब असतो, कारण आलेलें पाणी गाडींतच सांठून राहतें.

अशा गाडीला सामान्यतः तीन टांक्या असतात. एक ताज्या पाण्याची, दुसरी न्हाणी आणि मोरी यांच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. मध्यम गाडीची सांडपाण्याची टांकी सुमारें ४० गॅलनांची, म्हणजे दीडशें लिटरांची धरावी. आर. व्ही. मध्यें बसणारें समोरून उघडणारें लहान धुलाईयंत्र एका धुण्याला साधारण १२ ते १५ गॅलन पाणी घेतें. म्हणजे तीन धुण्यांत टांकी कांठोकांठ भरली. आंघोळ आणि भांडीं यांना जागाच उरली नाहीं. जे लोक रोज एखाद्या कँपग्राउंडवर, म्हणजे पैसे देऊन गाडी लावावयाच्या तळावर उतरतात, तेथें नळ, वीज आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, त्यांना ही अडचण नाहीं. परंतु ज्यांना रान, वाळवंट, सरकारी मोकळी जमीन यांची आवड आहे, त्यांनीं यंत्र बसविलें तरी तें वापरावयाचें केव्हां? सांडपाणी जमिनीवर सोडण्यास बहुतेक ठिकाणीं मनाई आहे, आणि ती असावी हेंच योग्य आहे.

येथें एक सूचना देऊन ठेवतों, ती पुष्कळांना उपयोगी पडेल. जोडणी असलेल्या तळावरही सांडपाण्याच्या टांकीची झडप बंद ठेवण्याची कित्येकांची संवय असते, आणि एरवीं ती चांगली असते. टांकी भरल्यावर एकदम सोडली म्हणजे नळी स्वच्छ होते. पण धुणें लावण्यापूर्वीं ही झडप उघडली नाहीं, तर यंत्राचा पंप पाणी टांकींत लोटीत राहतो, टांकी भरते, आणि मग तें साबणाचें पाणी गाडींतल्या सर्वांत खालच्या भोंकांतून, म्हणजे न्हाणीच्या तळांतून वर येतें. तेथून तें जमिनीवरच्या गालिच्यापर्यंत पोंचावयास वेळ लागत नाहीं. मैल्याच्या टांकीची झडप मात्र बंदच ठेवावयाची असते, हें विसरूं नये.

विजेची गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. अमेरिकेंत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. लहान गाड्यांना ३० अँपिअरांची तार असते. तिच्यांतून एकंदर ३,६०० वॅट घेतां येतात. मोठ्या गाड्यांची तार ५० अँपिअरांची म्हणतात, परंतु तींत १२० व्होल्टांच्या दोन वाहिन्या असल्यामुळें ती १२,००० वॅटांपर्यंत देते. दोन्ही आंकड्यांत फरक वीस अँपिअरांचा दिसतो. प्रत्यक्षांत तो तिपटीहून अधिक आहे. आतां ३० अँपिअरांच्या गाडींत उन्हाळ्याच्या दिवसांत हवा थंड करणारें यंत्र चाललें आहे, तें सुमारें दीड हजार वॅट घेत आहे. पाणी तापविण्याचा विजेचा बंब तितकीच घेत आहे. आणि त्यांत कपडे वाळविण्याचें यंत्र चौदाशें वॅटांचें लावलें. बेरीज छत्तीसशेंच्या पार गेली, खटका पडला आणि सर्व यंत्रें बंद पडलीं. ३० अँपिअरांच्या गाडींत वाळविण्याचें यंत्र बसवूंच नये असें मी म्हणत नाहीं. पण तें लावतांना दुसरें काय बंद करावयाचें, याचें वेळापत्रक घरांतल्या सर्वांना पाठ असलें पाहिजे.

वाळवणीला इतका वेळ कां लागतो, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. कारण या बाबतींत विक्रेत्यांच्या बोलण्यावर विसंबून लोक फसतात. चार किलो सुती कपडे पिळून निघाले तरी त्यांच्यांत दोन-अडीच किलो पाणी उरतें. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारें ०.६३ युनिट वीज लागते, म्हणजे अडीच किलोंना दीड युनिटाहून थोडी अधिक. चौदाशें वॅटांची तापनी इतकी ऊब द्यावयास एक तासाहून अधिक वेळ घेणारच. शिवाय कपडे, पिंप आणि हवा तापविण्यांत जी ऊब वायां जाते, ती धरली तर दोन तास सहज झाले. नेहमीच्या घरांतील वाळवणी यंत्र २४० व्होल्टांवर पांच हजार वॅटांपर्यंत घेतें, म्हणून तें पाऊण तासांत काम उरकतें. हा भेद यंत्राच्या चांगुलपणाचा नाहीं, तारेचा आहे. आणि कोणत्याही नांवाचा शिक्का त्यावर मारला तरी तो मिटत नाहीं.

वजनाविषयीं थोडक्यांत सांगतों. प्रत्येक गाडीवर एक पट्टी लावणें तेथील कायद्यानें बंधनकारक केलें आहे. ओढावयाच्या गाडीवर सामान किती वाहतां येईल तें लिहिलेलें असतें. एंजिन असलेल्या गाडीवर माणसें आणि सामान मिळून किती, तें असतें. धुणें आणि वाळवणें दोन्ही करणारें एकच यंत्र साठ-सत्तर किलोंचें असतें, दोन वेगळीं यंत्रें एकावर एक ठेविलीं तर शंभरावर जातात, आणि टांकींत भरलेलें पाणी लिटराला एक किलो. पुस्तकें, भांडीं, हत्यारें, वाण्याचें सामान यांनीं ती मर्यादा आधींच गांठलेली असते. टायर फुटणें, आंस वांकणें, उतारावर ब्रेक अपुरे पडणें हे प्रकार पुष्कळदां ओझ्यांतून उद्भवतात. यंत्र बसविण्यापूर्वीं गाडी भरलेल्या स्थितींत सार्वजनिक वजनकांट्यावर नेऊन तोलून घ्यावी. यांत आळस करणाऱ्यानें यंत्राचा नाद सोडावा, हें उत्तम.

या तीन परीक्षांतून जो पार पडला, त्यानें मग निवड करावी. त्याच्यासमोर मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला, एकाच पिंपांत धुवून त्यांतच वाळविणारें जोडयंत्र. अशा यंत्रांत स्प्लेंडाइड हें नांव तिकडे या लोकांच्या तोंडीं फार आहे. चोवीस इंच रुंदीच्या एका कपाटांत तें बसतें, रात्रीं लावून निजावें आणि सकाळीं कोरडे कपडे काढावे, ही त्याची मोठी सोय. परंतु जितके कपडे त्यांत धुतां येतात तितके वाळवितां येत नाहींत. ओल्या कपड्यांना पिंपांत मोकळेपणानें उलटतां आलें तरच हवा त्यांच्यांतून खेळते. ठांसून भरले तर बाहेरून गरम, आंतून दमट आणि सर्वांगीं चुरगळलेले निघतात. म्हणून पिंप निम्मेंच भरावयाचें. धुणें-वाळवणें मिळून तीन-चार तास लागतात, असें धरून चालावें.

या जोडयंत्रांतही पुन्हां दोन जाती आहेत. एकीची दमट हवा गाडीच्या भिंतींत भोंक पाडून बाहेर सोडावी लागते. दुसरींत ती आंतल्या आंत थंड करून तिचें पाणी करतात. भिंतीला भोंक पाडणें जिवावर येतें म्हणून लोक दुसरी जात पसंत करतात. माझें मत पहिलीच्या बाजूचें आहे. बिनभोंकाचें यंत्र कपडे वाळवावयास अधिक वेळ लावतें, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळ यंत्रें वाफेचें पाणी करण्यासाठीं थंड पाण्याची धार वापरतात. म्हणजे वाळवितांनाही सांडपाण्याची टांकी भरतच राहते. टांकी लहान असेल त्यानें हा प्रश्न विक्रेत्याला मुद्दाम विचारावा. अलीकडे उष्णतेचा पंप वापरणारीं यंत्रें निघालीं आहेत; तीं वाफेंतील ऊब पुन्हां पुन्हां उपयोगांत आणतात म्हणून थोड्या विजेंत काम करतात. जी. ई. कंपनीनें २०२३ सालीं १२० व्होल्टांवर चालणारें असें जोडयंत्र काढलें. पण त्याची रुंदी २८ इंच, आणि गाडींतील कपाट चोविसाचें!

दुसरा मार्ग म्हणजे धुण्याचें यंत्र खालीं आणि वाळवणीचें त्याच्या डोक्यावर. एक धुणें वाळत असतां दुसरें धुवून होतें, त्यामुळें अर्ध्या दिवसाचें काम दोन-तीन तासांत संपतें. वजन आणि जागा मात्र अधिक. निजण्याच्या खोलींतलें कपड्यांचें अख्खें कपाट त्यांना द्यावें लागतें.

माझ्या परिचयाचें एक जोडपें आहे. गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे, उभा जन्म ओहायोंत नोकरी करून निवृत्त झालेले. घर विकून त्यांनीं मोठी ओढगाडी घेतली, आणि दोन वर्षें सुखानें हिंडले. नंतर गृहस्थांना एका शस्त्रक्रियेनंतर रात्रीं लघवी आवरेना. चादर, उशीचे अभ्रे, कपडे रोज बदलावे लागूं लागले. तोंवर आठवड्यांतून एकदां गांवांतल्या सार्वजनिक धुलाईघरांत जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. आतां रोज सकाळीं ती पिशवी खांद्यावर टाकून चारचौघांत जाऊन बसावें, हें त्या गृहस्थांना असह्य झालें. आणि बाईंचे गुडघे असे कीं, गाडीच्या तीन पायऱ्या त्यांना गड चढल्यासारख्या वाटत. हिंडणें बंद करून मुलाकडे राहावयास जावें, असें बोलणें घरांत सुरू झालें. मग त्यांनीं एका दुकानदाराच्या सल्ल्यानें बिनभोंकाचें जोडयंत्र बसविलें. रोजच्या जाड चादरी त्या पिंपांत वाळेनात. दुपार झाली तरी यंत्र चालूच आणि अंथरुण उघडें. वर्ष संपण्याच्या आंत त्यांनीं तें यंत्र काढलें, कपाटांतील निम्मे कपडे मुलाकडे पाठविले, आणि त्या जागीं दोन वेगळीं यंत्रें बसविलीं. गाडीची तार ५० अँपिअरांची होती आणि ते नेहमीं जोडणीच्या तळांवरच उतरत, म्हणून तें साधलें. आतां न्याहारी होईपर्यंत चादरी कोरड्या होऊन घडींत जातात आणि कोणाला कांहीं कळत नाहीं. हीं दोघें आजही हिंडत आहेत. कपड्यांचें कपाट गेल्याची खंत बाईंनीं माझ्यापाशीं बोलून दाखविली नाहीं. मुलाकडे जावें लागलें असतें याची भीति मात्र बोलून दाखविली.

याच्या उलट, जे वर्षांतून सहा आठवडे हिंडतात त्यांचा हिशेब पाहा. समजा, नाणीं टाकून चालणाऱ्या धुलाईघरांत एक धुणें धुवून वाळविण्यास आठ डॉलर पडले आणि आठवड्यास दोन धुणीं झालीं. सहा आठवड्यांचे शंभर डॉलरही होत नाहींत. सोळाशें डॉलरांचें यंत्र फिटावयास सोळा वर्षें हवींत. तितकीं वर्षें यंत्र टिकणार नाहीं, आणि गाडीही बहुधा विकली जाईल. बारा महिने गाडींतच राहणाऱ्याचा खर्च त्याच हिशेबानें वर्षाला आठशेंच्या वर जातो, त्याचें यंत्र दोन वर्षांत फिटतें. शिवाय धुलाईघर ही कांहीं वाईट जागा नव्हे. तेथें एका वेळीं चार-पांच यंत्रें लावून दोन तासांत पंधरवड्याचें धुणें उरकतां येतें, आणि पुढच्या रस्त्याची, घाटाची, पाण्याच्या सोईची खरी माहिती जेवढी त्या बांकांवर मिळते तेवढी नकाशांत मिळत नाहीं. १९६२ सालीं माँटाना संस्थानांतील बिलिंग्ज गांवीं सुरू झालेली के. ओ. ए. नांवाची तळांची मोठी साखळी देशभर पसरली आहे. तिच्या तळांवर बहुधा धुलाईची सोय असतेच. ॲरिझोनाच्या वाळवंटांत क्वार्ट्झसाइट येथें हिंवाळ्यांत गाड्यांचें अक्षरशः शहर वसतें. तेथल्या कोरड्या हवेंत दोरीवर टाकलेला टॉवेल दुपारीं बघतां बघतां वाळतो. वाळवणी यंत्राची तेथें काय किंमत? मात्र पुष्कळ खासगी तळांवर बाहेर दोरी बांधूं देत नाहींत, हेंही ध्यानांत असावें.

आपल्याकडच्या बायकांसाठीं दोन शब्द. नऊवारी लुगडें या लहान पिंपांत इतर कपड्यांबरोबर घालूं नये. आठ वारांहून लांब कापड उलटत-सुलटत त्याचा दोरखंड होतो, इतर कपडे त्यांत गुरफटतात, आणि पिळण्याच्या वेळीं वजन एका अंगाला येऊन सगळी गाडी हादरूं लागते. तें एकटेंच, सैलसर पिशवींत घालून धुवावें आणि सावलींत वाळवावें. साबण घरच्या मापाच्या निम्म्याहूनही कमी पुरतो. समोरून उघडणाऱ्या यंत्रांसाठीं जो कमी फेंसाचा साबण मिळतो तोच वापरावा, नाहींतर फेंस टांकींत बसून मोरीवाटें वर डोकावूं लागतो. धुणें लावण्याआधीं गाडी समपातळींत असावी. वाळवणीचें बोंडूक, म्हणजे जाळींत अडकणारा कापसाचा तूस, दर खेपेस काढावा. दमट हवेच्या नळींत तो सांचला तर पेट घेतो, आणि लांकडी-प्लास्टिकच्या गाडींत आग विझवावयास वेळ मिळत नाहीं. हिंवाळ्यांत गाडी उभी करून ठेवावयाची असेल, तर यंत्राच्या पोटांत राहिलेलें पाणी गोठून पंप फुटतो. त्यासाठीं गुलाबी रंगाचें, विषारी नसलेलें गोठणविरोधक द्रव मिळतें. तें नळ्यांत आणि पंपांत फिरवून ठेवावें लागतें.

घरगुती यंत्र स्वस्त मिळतें म्हणून तेंच गाडींत बसवावें काय, असें पुष्कळ जण विचारतात. घरगुती यंत्राचें पिंप स्प्रिंगांवर टांगलेलें असतें, आणि तें हलवितांना मागून बोल्ट घालून जखडावें, अशी सूचना त्याबरोबर असते. घर बदलतांना हें एकदां करणें ठीक. रोज मुक्काम हलविणाऱ्यानें रोज यंत्र ओढून बोल्ट घालीत बसावें काय? म्हणून प्रवासांत तसेंच राहूं शकेल असें यंत्र आहे ना, हें निर्मात्याच्या पुस्तिकेंत वाचून घ्यावें, दुकानदाराच्या तोंडून नव्हे. आणि पैसे देण्यापूर्वीं टेप घेऊन गाडीचें दार, आंतला बोळ आणि न्हाणीजवळचें वळण मोजावें. या गाड्यांचीं दारें सव्वादोन फुटांच्या आसपास असतात, आणि पुष्कळ गाड्यांत कारखान्यानें भिंती उभारण्यापूर्वींच यंत्र आंत ठेविलेलें असतें. तें बिघडल्यावर नवें यंत्र दारांतून जात नाहीं. मग खिडकीची चौकट काढून तें आंत घ्यावें लागतें, आणि त्या कामाची मजुरी बिलांत वेगळी लागते.